पहिल्या वाक्यावरून परिच्छेदाची चाल ओळखायला शिकवणारा सहा आठवड्यांचा वर्ग : माझा अनुभव

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी गेली ९ वर्षे पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. बहुतेक अभ्यासाचीच असतात : शरीरशास्त्र, भूगोल, अधूनमधून अर्थशास्त्र. कथा वाचताना आवाज आपोआप वळतो. अभ्यासाच्या पुस्तकात तसे होत नाही. परिच्छेद कुठे निघाला आहे हे आधी कळावे लागते, तेव्हा कुठे थांबायचे आणि कोणत्या शब्दावर जोर द्यायचा हे ठरते. ही गोष्ट मला एका श्रोत्यामुळे कळली. मधुमेहावरचा एक परिच्छेद मी वाचून पाठवला होता. त्याचा फोन आला, "ताई, यात एकाच आजाराच्या दोन पायऱ्या सांगितल्यात, की दोन वेगळ्या गोष्टी आहेत?"

मी पान काढले. परिच्छेदाचे पहिले वाक्य होते : "नाव एकच असले तरी मधुमेहाच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराची कारणे वेगळी आहेत." पुढे सांगितले होते, की पहिल्या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, तर दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन तयार होत असते, पण शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. मी 'पहिल्या' आणि 'दुसऱ्या' हे शब्द जिना चढल्यासारखे वाचले होते, आणि 'वेगळी' हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाक्याच्या शेवटी सपाट आवाजात सोडून दिला होता. लेखकाने पहिल्याच वाक्यात सांगितले होते की आता दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवणार आहे. माझ्या आवाजाने मात्र एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या सांगितल्या. डोळ्यांनी वाचणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा पाहतो. ऐकणाऱ्याला माझ्या आवाजावरच विसंबून राहावे लागते.

त्यानंतर मी हा ऑनलाइन वर्ग लावला. ६ आठवडे, आठवड्याला दोन तासिका, प्रत्येक तासिका सव्वा तासाची आणि सोबत ९६ उताऱ्यांची सराववही. विषय एकच : परिच्छेदाचे विषयवाक्य वाचून पुढची मांडणी कोणती असेल हे ओळखणे. एवढ्याशा विषयाला १२ तासिका कशाला, असे मला आधी वाटले होते. आता वाटते की शेवटच्या दोन आठवड्यांना वेळ कमीच पडला.

पहिल्या तासिकेची पद्धत मला फार आवडली. बाईंनी सांगितले, जाड कागदाची एक पट्टी कापून घ्या. उताऱ्याचे पहिले वाक्य उघडे ठेवायचे आणि बाकीचे पट्टीखाली झाकायचे. मग समासात लिहायचे, की पुढे काय येणार. विषय कोणता, हे कुणीही सांगेल. लिहायचे होते ते हे, की लेखक पुढे काय करणार : कारणे देणार, प्रकार पाडणार, तुलना करणार, घडलेले ओळीने सांगणार, की नुसते एक उदाहरण देऊन थांबणार? लिहून झाल्यावर पट्टी एकेक ओळ खाली सरकवायची. पहिल्या दिवशी दहांपैकी माझे चार अंदाज बरोबर आले. एवढी वर्षे रोज वाचणाऱ्या माणसाचे चारच, याने मी अस्वस्थ झाले आणि त्याच क्षणी या वर्गावर माझा विश्वास बसला.

विषयवाक्यात दोन भाग असतात, हे बाईंनी सुरुवातीलाच ठसवले. एक, कशाबद्दल बोलायचे ते. दुसरा, त्याबद्दल काय म्हणायचे ते. मांडणीची खूण जवळजवळ नेहमी दुसऱ्या भागात असते. "माणसाच्या कायमच्या दातांचे त्यांच्या कामानुसार चार प्रकार पडतात" या वाक्यात दात हा विषय झाला. 'चार प्रकार' हा करार. आता पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा असे चार घटक आलेच पाहिजेत, आणि प्रत्येकाचे काम सांगितलेच पाहिजे, कारण वाक्याने 'कामानुसार' असा शब्द दिला आहे. पटाशीचे ८, सुळे ४, उपदाढा ८, दाढा १२ ही संख्या सोबत येईल, पण तो परिच्छेद संख्येचा नाही. असे वाक्य आले की आता मी 'चार' या शब्दानंतर किंचित थांबते. ऐकणारा तेवढ्या वेळात मनातल्या मनात चार जागा रिकाम्या करून ठेवतो.

'प्रकार', 'टप्पे', 'कारणे', 'परिणाम', 'फरक', 'साम्य', 'उपाय' या नामांना बाई किल्लीचे शब्द म्हणत. हे सोपे. खरी मेहनत तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. तिथे असे उतारे आले, की आतला मजकूर एका मांडणीचा दिसतो आणि विषयवाक्य दुसरीच मांडणी सांगते. त्यातला एक उतारा मी कधी विसरणार नाही. "१८१६ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या काही भागांत उन्हाळा आलाच नाही, आणि त्याचे मूळ आदल्या वर्षी हजारो किलोमीटर दूर झालेल्या एका उद्रेकात होते." पुढे एप्रिल १८१५ मधला इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट, वातावरणात उंचावर गेलेला गंधकयुक्त वायू, त्यातून तयार झालेले सूक्ष्म कण, त्यांनी परतवलेला सूर्यप्रकाश, घसरलेले तापमान, बुडालेली पिके. उताऱ्यात साले आहेत, 'आधी' आणि 'नंतर' आहेत. वर्गातल्या आम्ही बहुतेकांनी समासात 'घटनाक्रम' लिहिले.

बाईंनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी प्रत्येक दोन वाक्यांच्या मध्ये 'त्यानंतर' घालून वाचायला लावले, मग त्याच जागी 'त्यामुळे' घालून. 'त्यानंतर' घालून वाचले तेव्हा उतारा बातमीसारखा झाला. काही चुकले नव्हते, पण कशाला सांगताहेत ते हरवले. 'त्यामुळे' घातल्याबरोबर प्रत्येक वाक्य मागच्याला धरून उभे राहिले. 'मूळ' हा एकच शब्द विषयवाक्यात होता आणि आम्ही तो ओलांडून सालांकडे धावलो होतो. कारण आधी घडते आणि परिणाम नंतर, म्हणून कार्यकारणाच्या प्रत्येक परिच्छेदात काळाचा क्रम असणारच. लेखक काळ सांगण्यासाठी लिहितो आहे की कारण सांगण्यासाठी, हे विषयवाक्यालाच विचारावे लागते. ही एक तासिका मला बाकीच्या सगळ्या वर्गाइतकी मोलाची वाटते.

त्याच आठवड्यात घटनाक्रम आणि प्रक्रिया यांतला फरक आला. पेनिसिलिनवरचा एक उतारा होता : १९२८ मध्ये फ्लेमिंग यांनी बुरशीभोवती जिवाणू वाढत नाहीत हे पाहिले, पण रुग्णाला देता येईल असे औषध तयार व्हायला फ्लोरी आणि चेन यांचे काम व्हावे लागले, आणि १९४५ चे नोबेल तिघांना मिळून दिले गेले. त्याच्या शेजारी साबणाने तेलकट डाग कसा निघतो यावरचा उतारा : साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला, तेलाचे बारीक थेंब सुटे होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. दोन्हींत क्रम आहे. बाईंनी विचारले, "क्रियापदे बघा, काय दिसते?" पहिल्यात 'पाहिले', 'लागले', 'दिले'. दुसऱ्यात 'धरते', 'होतात', 'जातात'. एकदा घडून गेले ते भूतकाळात, दर वेळी घडते ते साध्या वर्तमानकाळात. आपल्या भाषेने ही खूण आयती ठेवली आहे, आणि विषयवाक्याच्या क्रियापदातच ती बहुधा सापडते. वाचताना याचा उपयोग असा, की घडून गेलेल्या गोष्टीला मी थोडी कथनाची लय देते. प्रक्रियेला देत नाही. तिथे प्रत्येक पायरीनंतर सारखीच विश्रांती.

व्याख्येच्या मांडणीवर वर्गाने फार वेळ घालवला नाही आणि ते योग्यच होते. 'म्हणजे' दिसले की व्याख्या येते, पुढे बहुधा एखादे उदाहरण येते, झाले.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार सराववहीतल्या खुणेच्या शब्दांच्या तक्त्याबद्दल. तुलना-विरोधासाठी तिथे 'परंतु', 'तथापि', 'याउलट', 'दुसऱ्या बाजूला' एवढेच दिले आहे. हा तक्ता मराठी पुस्तके समोर ठेवून केलेला वाटत नाही. आपण लिहिताना विरोध कशाने दाखवतो? 'मात्र'ने, 'तर'ने, 'तरी'ने. "मधमाशी आणि गांधीलमाशी दोघी डंख मारतात, डंख मारण्याची तऱ्हा मात्र निराळी." इथे 'मात्र' वाक्याच्या आरंभी नाही. ज्या गोष्टीत फरक आहे तिच्या पाठीला तो चिकटून बसला आहे, आणि त्यामुळे फरक नेमका कशात आहे हेही सांगतो. पुढे येणार ते हेच : कामकरी मधमाशीची नांगी काटेरी असते, माणसाच्या कातडीत ती अडकून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी तशी अडकत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. 'मात्र' ओळखणाऱ्याला हे सगळे आधीच दिसते. तक्त्यात 'मात्र' नाही, हे मला खरोखर खटकले. मी तासिकेत विचारले तेव्हा बाईंनी लगेच मान्य केले आणि पुढच्या तासिकेला आम्हा सगळ्यांकडून असे शब्द गोळा करून घेतले. 'एक तर', 'दुसरे म्हणजे', 'म्हणूनच', 'त्यातही', 'एवढेच नव्हे तर', शिवाय नुसता 'च' सुद्धा. तो जमवलेला कागद छापील तक्त्याहून कितीतरी चांगला आहे. पुढच्या तुकडीच्या वहीत तो यावा.

याला धरूनच आणखी एक. आपले क्रियापद शेवटी येते, म्हणून विषयवाक्यातला वजनदार शब्दही बऱ्याचदा शेवटाजवळ असतो. 'यामागे तीन कारणे आहेत', 'यात दोन अडचणी येतात', 'याची कारणे वेगळी आहेत'. लांबलचक वाक्याच्या मध्यावर लक्ष सुटले की नेमकी खूण हातची जाते. वहीत 'वाक्याचा आरंभ नीट वाचा' अशी सूचना जागोजागी आहे. माझ्या मते 'शेवटचे चार शब्द नीट वाचा' असे लिहायला हवे. माझी मधुमेहाची चूक तीच होती. आणि 'जरी-तरी'चे वाक्य असेल तर 'तरी'च्या आधीचे सगळे लेखक बाजूला ठेवणार आहे, परिच्छेद 'तरी'नंतरच्या भागाचा आहे, हे निदान एका उताऱ्यात तरी समजावायला हवे होते.

दुसरी तक्रार : पहिले चार आठवडे विषयवाक्य प्रत्येक उताऱ्याच्या पहिल्या ओळीतच ठेवले आहे. शिकवायला ते सोपे जाते, हे समजते. पण खऱ्या पुस्तकात तसे नसते. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने त्याचा विषय दाखवावा हा नियम स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये मांडला. पहिले वाक्य नुसते पूर्वतयारीचे असेल तर गोष्ट वेगळी, अशी सवलतही त्यांनी तिथेच ठेवली होती. शिकवताना ही सवलत गळून पडते. रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ मध्ये अमेरिकी नियतकालिकांतले २५ निबंध तपासले, तेव्हा माहितीपर परिच्छेदांपैकी सुमारे १३ टक्केच विषयवाक्याने सुरू होणारे निघाले. पाठ्यपुस्तकांत हे प्रमाण जास्त असेल असे मला माझ्या वाचनावरून वाटते, कारण पाठ्यपुस्तके हात धरून चालवतात. तरीही चार आठवडे पहिल्या ओळीची सवय लावून पाचव्या आठवड्यात अचानक विषयवाक्य मध्ये, शेवटी किंवा मुळीच नाही अशा उताऱ्यांत सोडले, तेव्हा वर्गातल्या अनेकांची दमछाक झाली. दोघे जण त्या आठवड्यानंतर आलेच नाहीत. हे उतारे दुसऱ्या आठवड्यापासून एकेक करून मिसळले असते तर बरे झाले असते.

पाचव्या आठवड्यातच एक उतारा असा होता की त्याच्या उत्तराबद्दल मी अजूनही वहीशी सहमत नाही. "मेणबत्तीत वात जळते असे आपल्याला वाटते, जळते ती खरे तर मेणाची वाफ." पट्टी झाकून मी 'प्रक्रिया' लिहिले. मेण वितळणार, वातीतून वर चढणार, त्याची वाफ होणार, ती पेटणार. पट्टी सरकवली तर वेगळेच. उताऱ्यात प्रयोग होता : मेणबत्ती फुंकर घालून विझवा, वातीवरून निघणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला पेटती काडी लावा, ज्योत त्या धुरावरून खाली उडी घेऊन वात पुन्हा पेटवते. म्हणजे लेखक दाव्याला पुरावा देत होता. उत्तरात मात्र 'विरोध' छापले आहे, 'खरे तर' या शब्दांवर बोट ठेवून. समज आणि वस्तुस्थिती यांचा विरोध वाक्यात आहे, कबूल. पण परिच्छेद दोन बाजू तोलत नाही. तो एकच बाजू सिद्ध करतो. 'दावा आणि पुरावा' ही मांडणी वहीत मुळातच नाही, म्हणून तो उतारा जवळच्या दुसऱ्याच मांडणीत बसवला गेला. विज्ञानाच्या पुस्तकांत ही मांडणी पानोपानी भेटते, ती वगळणे मोठी उणीव आहे.

बाईंनी यावर जे सांगितले ते मी वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवले आहे : आपला अंदाज चुकला तर आधी आपण विषयवाक्यातला कोणता शब्द सोडला ते पाहायचे, आणि एकही शब्द सोडलेला नसेल तर लेखकाने करार पाळला का ते पाहायचे. दुसऱ्या शक्यतेचा मी कधी विचारच केला नव्हता. भूगोलाच्या ज्या पुस्तकाचे मी सध्या ध्वनिमुद्रण करते आहे त्यात "वाळवंटे तयार होण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत" असे म्हणून पुढे वाळवंटातल्या वनस्पतींचे वर्णन सुरू होते. पूर्वी अशा जागी मला वाटे की माझेच लक्ष नव्हते. आता मी तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करते आणि ध्वनिमुद्रणात सूचना घालते, की कारणे पुढच्या परिच्छेदात येतील.

गृहपाठ तपासून परत यायला दहा-बारा दिवस लागत. तोवर पुढचे दोन विषय होऊन गेलेले असत. चूक ताजी असताना कळली तर उपयोग. हे सुधारण्याजोगे आहे आणि सुधारायलाच हवे.

बाई शिकवतात मात्र मनापासून. एकाही प्रश्नाला त्यांनी 'नंतर बघू' म्हटले नाही. एका मुलाने विचारले, मांडणी ओळखून नेमका फायदा काय, उत्तर तर उताऱ्यातच असते. तेव्हा त्यांनी बॉनी मायर आणि सहकाऱ्यांचे १९८० मधले काम सांगितले. नववीच्या विद्यार्थ्यांना उतारे वाचायला देऊन नंतर आठवून लिहायला सांगितले होते. लेखकाचीच मांडणी धरून लिहिणाऱ्यांना जास्त आठवले होते. मग त्यांनी त्या मुलाला तंबोराचा उतारा न पाहता सांगायला लावले. तो उद्रेकापासून बुडालेल्या पिकांपर्यंत न अडखळता पोचला, प्रत्येक दुव्यावर 'त्यामुळे' म्हणत. दोन आठवड्यांपूर्वीचा उतारा होता तो.

हा वर्ग कुणी लावावा? स्पर्धा परीक्षेसाठी उतारे सोडवणाऱ्यांना उपयोग होईलच. पण ज्यांना दुसऱ्यासाठी वाचावे लागते, म्हणजे शिक्षक, निवेदक, अनुवादक आणि माझ्यासारखे वाचक, त्यांनी जास्त लावावा. ललित लेखन आवडते म्हणून येणार असाल तर निराशा होईल. तिथले परिच्छेद असे बांधलेले नसतात आणि वर्गही तसा दावा करत नाही. लावलात तर दोन गोष्टी करा. वहीतल्या उताऱ्यांवर थांबू नका, आपण सध्या वाचत असलेल्या पुस्तकाचे रोज एक पान पट्टी लावून वाचा. आणि समासातला पहिला अंदाज खोडू नका, चुकला तरी राहू द्या. माझ्या वहीत तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा 'घटनाक्रम' लिहिलेले दिसते. काळाचा शब्द दिसला की मी तिकडे ओढली जाते, हे त्याशिवाय मला कळले नसते.

मधुमेहाचा तो परिच्छेद मी पुन्हा ध्वनिमुद्रित केला. 'कारणे'नंतर अगदी थोडी थांबले, 'वेगळी'वर आवाज उचलला, आणि 'पहिल्या प्रकारात', 'दुसऱ्या प्रकारात' हे दोन्ही एकाच उंचीवरून वाचले, समोरासमोर ठेवल्यासारखे. नवी फाइल त्या श्रोत्याला पाठवली आहे. पुस्तकातले आणखी २३ परिच्छेद मी पुन्हा वाचायला काढले आहेत. त्यातले सात झाले.